माझी डायरी त्यानं चोरून वाचावी असं मला वाटतंय

सावलीरेघ

नमस्कार. विषय विचित्र वाटेल, पण मनापासून विचारते आहे.

बाबा गेले त्याला सात महिने झाले. त्याआधीची चार वर्षं ते अंथरुणाला खिळून होते. अर्धांगवायूचा झटका, उजवी बाजू पूर्ण गेलेली, बोलणं जवळजवळ बंद. त्यांचं सगळं मी केलं. दादा खूप लांब राहतो. वर्षातून एकदा दहा दिवस यायचा, न मागता पैसे पाठवायचा, दर रविवारी फोन करायचा. आमच्यात भांडण कधीच झालेलं नाही. आणि तेच अवघड होऊन बसलंय. भांडण झालं असतं तर एकदाचं सगळं तोंडातून बाहेर पडलं असतं.

त्या चार वर्षांत मी डायरी लिहिली. रोज नाही, रात्री झोप लागली नाही की लिहायचे. तीन वह्या भरल्या. दादा पुढच्या महिन्यात तीन आठवडे येतो आहे, कागदपत्रं मार्गी लावायला. परवा फोनवर सहज म्हणाला, "शेवटी बाबांना फार त्रास झाला नाही, एवढं बरं झालं." मी "हो" म्हटलं. फोन ठेवल्यावर तासभर तिथेच बसून राहिले.

त्यानं त्या वह्या वाचाव्यात असं मला फार वाटतंय. पण मी हातात दिल्या तर तो हिशेब मांडल्यासारखा होईल. त्या त्याला सापडायला हव्यात. मला न कळू देता आपण वाचतोय असं त्याला वाटायला हवं. मग त्यातलं सगळं त्याला खरं वाटेल, कारण ते त्याच्यासाठी लिहिलेलंच नाही.

बाबांच्या औषधपाण्याची फाइल तो मागणारच. ती ज्या खणात आहे तिथेच, फाइलखाली, वही ठेवायची आणि दोन तास बाहेर जायचं, असं मनात आहे. कुणी असं केलंय का? समोरच्यानं वाचावं म्हणून काय करावं लागतं? आणि वाचलं हे आपल्याला कळतं कसं?

रातराणी

वाचलं की नाही हे कळायची जुनी युक्ती म्हणजे पानांच्या मध्ये एक केस ठेवायचा. वही उघडली की तो पडतो आणि पडलेला कुणाच्या लक्षात येत नाही. किंवा वहीवर पेन्सिल तिरकी ठेवायची आणि तिचं टोक कुठल्या अक्षरावर आहे ते लक्षात ठेवायचं. माणूस पेन्सिल परत ठेवतो, पण तशीच नाही ठेवत.

वाचावं म्हणून काय करायचं, तर वही अर्धवट लपवायची. उघड्यावर पडलेली वही कुणी हातात घेत नाही आणि कुलुपात असली तर सापडत नाही. जॅक ब्रेम नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९६६ मध्ये याच्याशी जवळचा सिद्धान्त मांडला होता: एखादी मोकळीक काढून घेतली जातेय असं वाटलं की माणसाला नेमकी तीच हवीशी वाटते. त्यामुळे वहीवर "खाजगी" लिहिलंत तर बहुधा उघडली जाईल.

तुमच्या चार वर्षांबद्दल वाचून गलबलून आलं. युक्त्या सांगितल्या, पण वापरा असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

मोरपीस

मी केलंय, आणि जमलंय. मी नववीत होते. आईच्या अपेक्षांनी इतकी गांगरले होते की परीक्षेच्या आदल्या रात्री उलट्या व्हायच्या. समोर बसून सांगायची हिंमत नव्हती. डायरीत सगळं लिहिलं आणि वही उशीच्या अभ्र्यात घातली. दर शनिवारी अभ्रे आई बदलायची, हे मला माहीत होतं.

तिनं वाचली. एक शब्द बोलली नाही. पण त्यानंतर तिनं मार्क विचारणं बंद केलं. निकाल हातात घेऊन आले की आधी माझ्या तोंडाकडे बघायची. अभ्र्यात वही परत होती तशी ठेवलेली होती, फक्त उलट्या बाजूनं.

आज मी चाळिशी ओलांडली आहे. आम्ही दोघी त्याबद्दल अजून बोललेलो नाही. मला ते खुपत नाही, कारण मला जे हवं होतं ते मिळालं. तुम्हाला दादाकडून नक्की काय हवंय, हे आधी स्वतःला विचारा. त्यानं काही करायचं थांबवावं असं असेल तर ही युक्ती चालू शकते.

सावलीरेघ

मोरपीस, तुमचा प्रश्न दिवसभर डोक्यात होता. त्यानं काही थांबवावं असं नाहीच, थांबवण्यासारखं आता उरलंय काय? त्याला कळावं. आणि कळल्यावर त्यानं माझ्याकडे यावं. बस.

रातराणी, आभार. आणखी एक सांगायचं राहिलं. मूळ वह्या वाचण्याजोग्या नाहीत. अक्षर गिचमीड, पानांवर औषधांच्या वेळा, मध्येच किराणा. म्हणून त्यातलं महत्त्वाचं एका नव्या वहीत उतरवून काढते आहे. निम्मं झालंय.

कोरा_कागद

सावलीरेघ, राग मानू नका. उतरवताना काय गाळताय?

निळी_शाई

मी दुसऱ्या बाजूनं लिहिते, म्हणजे युक्ती फसली त्या बाजूनं.

लग्नाला सहा वर्षं झाली होती. दोनदा गर्भपात झाला होता आणि दुसऱ्या वेळेनंतर आमच्या घरात त्या विषयावर बोलणंच थांबलं. नवरा चांगला माणूस आहे, तेव्हाही होता. मी डायरीत लिहायचे. एक दिवस ठरवलं की त्यानं हे वाचलंच पाहिजे. त्याच्या चष्म्याच्या डबीशेजारी, खिडकीजवळच्या टेबलावर, वही ठेवली. ज्या पानावर सगळ्यात खोलातलं होतं तिथे पेन ठेवलं, म्हणजे वही तिथेच उघडेल.

संध्याकाळी आले तर वही बंद करून माझ्या कपाटात ठेवलेली होती. पेन बाजूला. म्हणजे हात लागला होता. मी वाट पाहिली. त्या रात्री काही नाही. आठवडाभर काही नाही. तो नेहमीसारखाच वागत होता, आणि त्याचं तसं नेहमीसारखं वागणंच मला सहन होईना. मनाशी म्हणायचे, एवढं वाचून या माणसाला काहीच वाटलं नाही? सहा महिने मी त्याच्याशी अंतर ठेवून राहिले. त्याच्या प्रत्येक वाक्याचा अर्थ त्या पानाशी लावायचे. एकदा तो म्हणाला, "या सुट्टीत कुठेतरी जाऊया का?" आणि मी दुसऱ्या खोलीत जाऊन रडले. मला वाटलं, हा विषय टाळतोय.

शेवटी एका रात्री भांडणात ओरडले, "तू सगळं वाचलंस तरी दगडासारखा राहिलास!" तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "तुझी डायरी होती. मी बंद करून ठेवून दिली."

त्यानं वाचलीच नव्हती. उघडी दिसल्यावर नजर बाजूला करून त्यानं ती मिटली, कारण ते माझं होतं. ज्या गोष्टीसाठी मी त्याला सहा महिने शिक्षा केली, ती खरं तर त्यानं माझा राखलेला मान होता. आणि त्या सहा महिन्यांत तोही आतल्या आत एकटाच होता, हे मला नंतर कळलं.

तुमचा दादा कसा आहे मला माहीत नाही. पण तो वाचणार नाही अशा जातीचा असेल, तर फाइलखालची वही तो तशीच ठेवून देईल, तुम्ही केस मोजत बसाल, आणि त्याला आपण कसल्या परीक्षेत बसलोय हेसुद्धा कळणार नाही.

दुपारचं_ऊन

निळी_शाई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

न वाचण्यावरून आठवलं. नाझींपासून लपून राहिलेल्या, डायरी लिहिणाऱ्या ॲन फ्रँकला आणि तिच्या घरच्यांना पकडून नेल्यावर तिचे कागद त्यांना लपायला मदत करणाऱ्या मीप खीस यांनी उचलून आपल्या खणात ठेवले. वाचले नाहीत. ॲन परत आली की तिच्या हातात द्यायचे, एवढंच मनात. १९४५ मध्ये ती आता येणार नाही हे नक्की झाल्यावर त्यांनी ते तिच्या वडिलांना दिले. मीप नंतर सांगायच्या की वाचलं असतं तर ते नष्ट करावं लागलं असतं, मदत करणाऱ्या लोकांची नावं त्यात होती म्हणून. खणात वही असूनही न उघडणारी माणसं असतात आणि ती निर्विकार नसतात.

जुनी_पेटी

सावलीरेघताई, तुम्ही म्हणता तसं ठरवून घडवून आणलेलं चोरवाचन ही साहित्यात आणि चरित्रांत चांगली नोंदलेली गोष्ट आहे. दोन उदाहरणं देतो, दोन्ही तुमच्या प्रश्नाला भिडणारी आहेत.

जपानी लेखक जुनिचिरो तानिझाकी यांची १९५६ ची एक कादंबरी आहे, नावाचा अर्थ 'किल्ली'. एक प्राध्यापक डायरीत आपल्या संसाराबद्दल जे बोलता येत नाही ते लिहितो, खणाला कुलूप लावतो आणि खणाची किल्ली मुद्दाम बायकोला दिसेल अशी पडू देतो. बायको स्वतःची डायरी सुरू करते. त्यात ती लिहिते की नवऱ्याची डायरी मी वाचणार नाही. पुढे पुढे दोघंही दुसऱ्यानं वाचावं म्हणूनच लिहीत जातात आणि तोंडानं कुणीच काही बोलत नाही. कोणत्या डायरीतलं कोणतं वाक्य खरं, हे वाचकालाही ठरवता येईनासं होतं. माझ्या दृष्टीनं त्या पुस्तकातली सगळ्यात भयंकर गोष्ट तीच आहे: डायरी समोरच्यासाठी मांडली की तिच्यातला खरेपणा पहिल्यांदा जातो, आणि तुम्हाला नेमका त्या खरेपणाचाच आधार घ्यायचा आहे.

दुसरं उदाहरण रशियन लेखक टॉलस्टॉयचं. १८६२ मध्ये, लग्नाआधी, त्यानं आपल्या डायऱ्या होणाऱ्या बायकोला, सोफियाला, स्वतः वाचायला दिल्या. तो ३४ वर्षांचा, ती १८ ची. आपला भूतकाळ तिच्यापासून लपवायचा नाही हा त्याचा हेतू. ती जखम तिच्या मनातून आयुष्यभर गेली नाही. म्हणजे उघडपणे देणंही सोपं नसतं, हे आधीच कबूल करतो. पुढे अनेक वर्षं दोघं एकमेकांच्या डायऱ्या वाचत राहिले. इतके, की १९१० च्या उन्हाळ्यात त्यानं 'फक्त माझ्यासाठी' म्हणून एक वेगळी छोटी डायरी सुरू केली आणि ती बुटात लपवून ठेवू लागला. सोफियाला तीही सापडली. त्याच वर्षी ऑक्टोबरात एका रात्री ती आपल्या कागदांत काही शोधते आहे असं जाणवल्यावर त्यानं घर सोडलं, आणि काही दिवसांतच एका रेल्वे स्टेशनवर त्याचा अंत झाला. अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसाराचं खापर मी डायऱ्यांवर फोडत नाही. पण बोलण्याची जागा वह्यांनी घेतली की काय होतं, हे तिथे दिसतं.

सावलीरेघ

कोरा_कागद, तुमचा प्रश्न मी दोन दिवस टाळला.

गाळते आहे ते सांगते. दुसऱ्या वर्षीची एक रात्र आहे. पहाटे तीन वाजता तिसऱ्यांदा चादर बदलावी लागली आणि मी बाबांवर ओरडले. नुसती ओरडले नाही, त्यांचा चांगला हात धरून हिसका दिला. त्यांना बोलता येत नव्हतं. त्यांनी डोळे मिटून घेतले. मी ते त्याच रात्री लिहून ठेवलं होतं, पूर्ण. नव्या वहीत ते पान नाही. आणि दादा आला असताना बाबा त्याच्याकडे बघून हसले होते आणि माझ्याकडे बघून महिनोन् महिने हसले नव्हते, त्याबद्दल मी जे लिहिलं तेही नाही.

मला वाटत होतं की अक्षर वाईट म्हणून मी उतरवते आहे.

कोरा_कागद

हे इथे लिहिलंत, याला फार धैर्य लागतं. मी दोषी ठरवायला विचारलं नव्हतं. मी स्वतः सासूबाईंची सहा वर्षं सेवा केली आहे, त्या हिसक्याची रात्र माझ्याकडेही आहे.

एवढंच म्हणेन: नवी वही ही डायरी राहिलेली नाही. ती दादाला लिहिलेलं पत्र आहे, डायरीचा वेष घातलेलं. पत्रच लिहायचं असेल तर वर त्याचं नाव घालून लिहा.

रातराणी

इथे मात्र मी थोडी असहमत आहे. पुन्हा लिहून काढणं म्हणजे खोटेपणा असं सरसकट म्हणू नये. वर दुपारचं_ऊन यांनी ॲन फ्रँकचा उल्लेख केला, तिनंही लिहून काढलंच होतं. २८ मार्च १९४४ ला लंडनहून लागणाऱ्या डच रेडिओवर मंत्री बोल्केस्टाइन यांनी सांगितलं की युद्धकाळातल्या डायऱ्या आणि पत्रं लोकांनी जपून ठेवावीत, पुढे ती गोळा केली जातील. ते ऐकून तिनं आपली डायरी प्रकाशनाच्या दृष्टीनं नव्यानं लिहायला घेतली. काही गाळलं, काही नीट केलं. तिला कुणी खोटी म्हणत नाही. वाचक येणार हे कळल्यावर माणूस लिखाण आवरतो, जसं पाहुणा येणार म्हटल्यावर घर आवरतो.

कोरा_कागद

मान्य. पण तिनं ते वाचकासाठी लिहिते आहे हे उघड ठेवून केलं. इथे पाहुण्याला सांगायचंय की घर असंच असतं आणि तू न सांगता आलास.

उंबरठा

हा धागा चार दिवस वाचतो आहे. लिहावं की नाही कळत नव्हतं. सावलीरेघ, मी तुमच्या दादाच्या जागचा माणूस आहे.

आमच्या आईला स्मृतिभ्रंश झाला होता. धाकटी बहीण तिच्याजवळ होती, मी दूर. पैसे, फोन, वर्षातून एक फेरी, तुम्ही लिहिलंय तसंच. आई गेल्यावर महिनाभरानं मी घरी गेलो होतो. बहीण बाहेर गेली होती. कपाटात विम्याचे कागद शोधताना तिची डायरी हाताला लागली. ती तिनं मुद्दाम ठेवली होती की खरंच राहून गेली होती, हे मला आजही माहीत नाही. तुमचा धागा वाचल्यापासून हा प्रश्न मला झोपू देत नाही.

मी वाचली. उभ्यानं वाचली. आणि तुम्हाला एक गोष्ट सांगतो जी युक्त्या सांगणाऱ्यांच्या लक्षात आलेली नाही. चोरून वाचणारा पहिल्या पानापासून वाचत नाही. तो आपलं नाव शोधतो. पानं भराभर उलटतो आणि जिथे आपलं नाव दिसेल तिथे थांबतो. माझं नाव अकरा ठिकाणी होतं. मोजलं मी. त्यातली नऊ पानं अशी होती की ती माझ्या डोळ्यांसमोरून अजून जात नाहीत. "आज त्याचा फोन. आईशी व्हिडिओवर दोन मिनिटं बोलला, म्हणाला छान दिसते. ती त्याआधी तासभर स्वतःचे केस उपटत होती." हे एक त्यातलं. आईबद्दलची, बहिणीच्या स्वतःच्या दिवसांची शेकडो पानं मी वाचलीच नाहीत. तेवढा वेळच नव्हता, फाटक वाजलं की ठेवून द्यायची होती.

फाटक वाजलं. मी वही ठेवून दिली. ती आत आली आणि म्हणाली, "सापडले का कागद?" मी म्हटलं, "सापडले."

याला सहा वर्षं झाली. मला तिची क्षमा मागायची आहे. कशाबद्दल मागू? जे मला माहीत असायलाच नको त्याबद्दल? क्षमा मागायची तर आधी हे सांगावं लागतं की तुझं कपाट मी उघडलं आणि तुझी वही वाचली. म्हणजे पहिल्या अपराधाची क्षमा मागायला दुसरा कबूल करायचा. मी अनेकदा तोंड उघडलं आणि दुसरंच काहीतरी बोललो. त्याऐवजी मी तिला वस्तू पाठवू लागलो. फोन जास्त करू लागलो. ती एकदा म्हणाली, "दादा, तू आजकाल इतका का घाबरून बोलतोस माझ्याशी?"

तुम्ही मोरपीस यांना लिहिलंत की दादाला कळावं आणि त्यानं तुमच्याकडे यावं. कळेल. पण येण्याची वाट तुम्हीच बंद केलेली असेल. चोरून वाचणाऱ्याला उत्तर देता येत नाही हो. तुम्ही त्याला सगळं सांगाल आणि त्याच श्वासात त्याचं तोंडही शिवून टाकाल. मग तुम्ही त्याच्या गप्प राहण्याचा अर्थ लावत बसाल, निळी_शाई यांनी लावला तसा.

मोरपीस

उंबरठा, तुमचं वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. आईला काय वाटत असेल याचा विचार मी कधी केला नव्हता. माझं काम झालं म्हणून मी खूश होते. तिला मला काही सांगायचं असेल, विचारायचं असेल, आणि तीस वर्षं ते तिच्या घशात असेल.

ती ७४ वर्षांची आहे. या रविवारी तिला सांगणार आहे की अभ्र्यात वही मी मुद्दाम ठेवली होती.

पानगळ

थोडं बाजूचं, पण राहवत नाही म्हणून लिहिते. वसतिगृहात असताना खोलीतली मैत्रीण माझी डायरी वाचते असा मला संशय होता. मी एक खोटी नोंद लिहिली, तिच्याबद्दल, जरा टोचणारी. दुसऱ्या दिवशी तिचा चेहरा पडलेला. संशय खरा निघाला. पण पुढे काय? "तू वाचलीस" म्हणायचं तर "तू खोटं लिहिलंस" हे आलंच. ती दोषी होतीच, पण माझंही तोंड स्वच्छ नव्हतं. वर्षभर एका खोलीत एकमेकींना टाळून राहिलो. तिनं वाचू नये एवढंच मला हवं होतं, तर साधं सांगता आलं असतं.

दुपारचं_ऊन

उंबरठा यांनी आपलं नाव शोधण्याबद्दल लिहिलं ते अगदी खरं आहे, आणि त्याला आणखी एक बाजू आहे. मी रुग्णसेवेत नोकरी करते. घरी रुग्णाला सांभाळणाऱ्यांना आम्ही लिहायला सांगतो. माझा अनुभव असा की ती लिहितात ती वाईट रात्री. चांगल्या दिवशी माणूस दमून झोपी जातो, वही उघडत नाही. त्यामुळे तीन वह्या म्हणजे चार वर्षं नव्हेत. चार वर्षांतल्या न झोपलेल्या रात्री आहेत त्या. त्यातही दादाचं नाव कोणत्या रात्री आलं असेल? ज्या रात्री त्याचा राग आला त्याच. फोनवर तो तुम्हाला हसवून गेला त्या रविवारी तुम्ही काही लिहिलं का?

आणि एक. जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञानं १९८६ मध्ये सहकाऱ्याबरोबर एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं, आयुष्यातल्या सर्वांत क्लेशकारक गोष्टीबद्दल लिहायला लावलं. घटना आणि तिच्याबद्दलच्या भावना असं दोन्ही लिहिणाऱ्यांना लिहिताना त्रास झाला, पण पुढच्या महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या खेपा इतरांपेक्षा कमी झाल्या. ते लिखाण आईवडिलांना किंवा मित्रांना दाखवलेलं नव्हतं. तुमच्या वह्यांनीही त्यांचं काम त्या रात्रींत केलंय. त्यांच्यावर आता दादाशी बोलण्याचं कामही टाकू नका.

सावलीरेघ

दुपारचं_ऊन, तुम्ही म्हणालात म्हणून काल तिन्ही वह्या काढून दादाचं नाव शोधलं. सतरा ठिकाणी आहे. एकाही ठिकाणी चांगलं नाही. आणि मला पक्कं आठवतंय की तिसऱ्या वर्षी मला न्यूमोनिया झाला तेव्हा तो चार दिवसांत तिकीट काढून आला होता, बाबांना न्हाऊ घालत होता, माझ्या उशाशी बसला होता. त्या बारा दिवसांचं एक अक्षर वहीत नाही. मी झोपले होते ना. पहिल्यांदा कुणीतरी घरात होतं म्हणून झोपले होते.

उंबरठा, तुमच्या प्रतिसादाला काय उत्तर देऊ कळत नाही. तुमच्या बहिणीच्या जागी मी असते तर मला कळायला आवडलं असतं. वही चोरून वाचली याचा राग आला असता, एक दिवस. तुम्ही सहा वर्षं ते घेऊन फिरताय, हे कळल्यावर तो राहिला नसता.

जुनी_पेटी

ताई, लपवणं आणि ठेवणं यांत किती कमी अंतर असतं, याबद्दल एक सांगतो आणि थांबतो. सॅम्युअल पीप्स या इंग्रज सरकारी अधिकाऱ्यानं १६६० ते १६६९ अशी डायरी लघुलिपीत लिहिली, घरातल्या कुणाला वाचता येऊ नये अशी. पण त्यानं ते सहा खंड नीट बांधून घेतले, आपल्या ग्रंथसंग्रहात ठेवले, आणि संग्रह केंब्रिजच्या एका महाविद्यालयाकडे जाईल अशी व्यवस्था केली. ती लघुलिपी शिकवणारं पुस्तकही त्याच संग्रहात होतं. १८१९ मध्ये जॉन स्मिथ नावाच्या तरुणानं ती उलगडायला घेतली, तीन वर्षं खपला, आणि त्याला पत्ताच नव्हता की उत्तर जवळच्या कपाटात आहे.

कुणीतरी वाचावं असं वाटणं यात लाजण्यासारखं काही नाही. तुम्ही या वह्या चार वर्षांत जाळल्या नाहीत. फक्त किल्ली कुठे आहे ते सांगून टाका.

रातराणी

केस ठेवायची युक्ती मी सांगितली होती, ती मागे घेते.

उंबरठा

ताईंनी लिहिलं "मला कळायला आवडलं असतं", त्यानंतर मी काल रात्री बहिणीला फोन केला. जास्त लिहीत नाही. ती बराच वेळ गप्प होती. मग तिनं विचारलं, "किती वाचलंस?" मी सांगितलं, माझं नाव असलेली पानं. ती म्हणाली, "मग तू आईचं काहीच वाचलं नाहीस."

वही तिनं मुद्दाम ठेवली होती का, हे मी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

निळी_शाई

उंबरठा, बरं केलंत.

सावलीरेघ, दादा आला का? जमेल तेव्हा कळवा. घाई नाही.

सावलीरेघ

पाच आठवड्यांनी लिहिते आहे. सगळ्यांची आठवण रोज काढत होते.

नवी वही अर्धी राहिली, ती पुढे लिहिली नाही. दादा आला. फाइल त्याच्या हातात मी स्वतः दिली, खणात काहीही न ठेवता. पहिल्या रात्री जेवणं झाल्यावर सांगितलं, "त्या चार वर्षांत मी डायरी लिहिली आहे. तुझ्याबद्दलही आहे त्यात, आणि ते चांगलं नाहीये. तुला वाचून दाखवू का?" हे वाक्य मी आठवडाभर घोकलं होतं, तरी आवाज कापलाच.

तो म्हणाला, "आज नको." आणि उठून गेला. त्या रात्री मला वाटलं, सगळं बिघडलं. इथे येऊन तसं लिहिणारही होते. पण नंतर विचार केला की निदान मला त्याचं उत्तर ऐकू तरी आलं. खणातल्या वहीनं "आज नको" हे शब्द मला कळू दिले नसते.

पाचव्या दिवशी तो स्वतः आला. हातात देऊ का विचारलं तर नको म्हणाला, "तूच वाच." मग मी मूळ वही घेतली, पहिली, पहिल्या पानापासून. औषधांच्या वेळा आल्या की त्याही वाचल्या. तो मध्येमध्ये विचारायचा, हे औषध कशाचं, हे कुणी सांगितलं. त्याचं नाव पहिल्यांदा आलं तेव्हा मी थांबले. तो म्हणाला, "वाच ना." वाचलं. त्यानं काही स्पष्टीकरण दिलं नाही. थोड्या वेळानं एवढंच म्हणाला की तो रविवारचा फोन ठेवल्यावर तो गाडीतच बसून राहायचा, घरात जायचा नाही, कधीकधी अर्धा तास. हे मला माहीत नव्हतं. माझ्या तीन वह्यांत ते असणं शक्यच नव्हतं.

ती रात्रही वाचली. चादरीची. मी वाचत असताना त्याच्याकडे बघू शकले नाही. वाचून झाल्यावर त्यानं वही माझ्या हातातून घेतली, ते पान स्वतः पुन्हा एकदा वाचलं आणि परत दिली. म्हणाला, "पुढचं वाच."

रोज रात्री थोडं थोडं वाचत होतो. त्यानं मुक्काम आठवडाभर वाढवला. तरी दुसरी वही निम्मीच झाली, काल तो गेला. आज रविवार. मघाशी त्याचा फोन आला होता, पोचलो म्हणून सांगायला. मग विचारलं, "वही जवळ आहे का तुझ्या?"